दसऱ्याची सहल: कोल्हापूर की कास?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गणपतीच्या आरतीनंतर ठरलं तसं सोसायटीची सहल काढायची आहे. यंदा, २०२५ला, दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी येतोय. शुक्रवारची रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. कुठे जायचं ते इथेच सुचवा.

बी-३०२: कास! साताऱ्याजवळचं ते फुलांचं पठार मुलांनी अजून पाहिलेलं नाही.

ए-१०१ काका: कासला माझी ना नाही, पण रविवारी नको. गेल्या वर्षी आम्ही तिकीट न काढता रविवारी गेलो होतो. घाटात दोन तास गाडी हलेना, आणि शेवटी नाक्यावरूनच परत फिरावं लागलं. नातीने वाटेभर फुलांची नावं पाठ केली होती हो.

ए-६०३ ताई: काका, म्हणूनच तिकडे रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिली आहे आणि तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. ते योग्यच आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. कास म्हणजे जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाडच रुजत नाही. पावसाळ्यात त्या मातीला ओल मिळते आणि तेवढ्या अवधीत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकावं लागतं. म्हणून सगळी फुलं एकदम दिसतात. तेरडा, सोनकी, कवला, गेंद आणि निळसर जांभळी सीतेची आसवं. ही सीतेची आसवं नाजूक दिसतात, पण कीटकभक्षी आहेत. मातीत नत्र कमी, ते त्या बारीक जीव पकडून मिळवतात. मुलांना हे तिथे उकिडवं बसवून दाखवायला मला फार आवडेल. फक्त दोरीच्या आत एकही पाऊल नको. फोटोसाठी एकजण बसला तरी बी धरायच्या आधीच झाडं चिरडतात, आणि त्या जागी पुढच्या वर्षी फुलं कमी दिसतात.
एक गोष्ट आधीच सांगते. भर सप्टेंबरात असतो तो बहर २ ऑक्टोबरनंतर ओसरू लागलेला असेल.

बी-३०२: अरेरे. मग?

डी-५०१: जेजुरीचा दसरा? रात्रभर पालखी, आणि तो जड खंडा, म्हणजे तलवार, उचलण्याची, दातांत धरण्याची चढाओढ. एकदा पाहिलंय, विसरता येत नाही.

ए-१०१ काका: रात्रभर गड चढायचा तर आमच्या गुडघ्यांचं काय?

सी-२०५: गोवा सुचवू का? नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुराचे पुतळे जाळतात. सकाळी घरोघरी फोवांचे, म्हणजे पोह्यांचे, पाच-सात प्रकार असतात.

ए-६०३ ताई: छान असतं ते, पण दिवाळीची पहिली अंघोळ सोडून कोण येणार?

सी-४०४ वहिनी: मी माहेरची कोल्हापूरची आहे, म्हणून आग्रहाने लिहिते. दसऱ्याला कोल्हापूरलाच चला.
देवीचं देऊळ सगळ्यांना माहीत आहे. पण दसऱ्याची संध्याकाळ दसरा चौकात उभं राहून पाहायची असते. अंबाबाईची, भवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी तिथे येते. छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात. लकडकोटात, म्हणजे लाकडी कुंपणात, आपट्याच्या फांद्या रचलेल्या असतात. पूजा होते, आरती होते, सलामी झडते आणि मग सोनं लुटायला सगळा चौक पुढे सरकतो. लहानपणी बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि मी वरूनच पानं ओरबाडायचे. घरी जाऊन आधी देवाला, मग आजीला, मग शेजारी सोनं द्यायचं. इथे फ्लॅटमध्ये आपण ‘शुभेच्छा’ असा मेसेज टाकून मोकळे होतो. आपल्या मुलांनी एकदा तरी हातात पान घेऊन कुणाच्या तरी पाया पडावं, असं मला मनापासून वाटतं.
दर्शनाची रांग त्या दिवशी लांब असते. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी मुखदर्शनाच्या रांगेत जावं.
आणि परतीच्या वाटेवर सातारा लागतोच. शुक्रवारी पहाटे निघालो तर दहाच्या आत कासवर पोचू. आठवड्याचा दिवस आहे, गर्दी कमी. बहर थोडा ओसरलेला असला तरी ताई असतील तर पाहण्यासारखं खूप आहे.

ए-६०३ ताई: मान्य! तिकिटं मी काढते. नावं आणि वयं कळवा.

बी-३०२: आम्ही चौघं.

सेक्रेटरी: छान. गुरुवारी पहाटे पाचला निघायचं. शुक्रवारी रात्री परत.

डी-२०१: सासूबाई सांगताहेत ते लिहून पाठवते. “मला यायचंय, पण चौकातली गर्दी मला सोसणार नाही. लग्न झाल्यापासून एकच इच्छा आहे, देवीच्या अंगावर ऊन पडताना पाहायचं. ते दसऱ्याला दिसतं का?”

सी-४०४ वहिनी: नाही हो आजी. तो किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. पावणेसहाच्या आसपास आतले दिवे मालवतात आणि सगळे गप्प होतात. तो सोनेरी उजेड वर वर चढताना पाहिला की अंगावर काटा येतो. काही मिनिटांचाच खेळ. ढग आले तर त्या दिवशी दर्शन चुकतं, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवावेत.

ए-१०१ काका: आणि जानेवारीच्या ३१ला, मग १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा होतो ना?

सी-४०४ वहिनी: हो काका. सूर्य दक्षिणेकडे सरकताना आणि उत्तरायणात परतताना आकाशात त्याच जागी मावळतो. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना ते नेमकं ठाऊक होतं.

डी-२०१: सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलंय. विचारताहेत, कुणी नेईल का?

बी-३०२: आजींना सांगा, १० तारखेला माझी गाडी. मी तसाही त्या आठवड्यात रजेवर आहे. पुढच्या सीटवर उशी ठेवतो, वाटेत दोनदा थांबू.

सी-४०४ वहिनी: मग मीही येते. १० आणि ११ दोन्ही दिवस राहू. माझ्या माहेरी खाली एक खोली रिकामी आहे, आजींना जिना चढावा लागणार नाही. देवळाजवळच्या फुलवाल्या मावशी माझ्या ओळखीच्या आहेत. वेणी त्यांच्याकडून घेऊ.

डी-२०१: त्या म्हणताहेत, मोगरा असेल तर मोगराच घ्या.