मालकांचं पोट: एकोणीस महिने झाले, आता नेमका कोणता डॉक्टर?

सेलूकरीण

नमस्कार. आमच्या मालकांचं वय ४३. सेलूत खत-बियाण्याचं दुकान आहे. एकोणीस महिन्यांपासून पोट बिघडलंय ते बिघडलंच आहे. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं. वजन ७१ चं ५८ वर आलं. दुकानातल्या गोण्यांच्या काट्यावर दर रविवारी उभे राहतात, म्हणून आकडा पक्का सांगते.

आतापर्यंत काय काय झालं ते लिहिते. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, सलाईन लावलं. परभणीला एका सर्जननी मूळव्याध म्हणून मलम दिलं. मग एका फिजिशियनकडे एंडोस्कोपी झाली, थोडी सूज आहे म्हणाले, सहा महिने पॅन्टोप्राझोल, ती ॲसिडिटीची गोळी. दुसऱ्यांनी फाईल उलटीपालटी केली आणि सांगितलं, आयबीएस आहे, म्हणजे तपासणीत काही दिसत नाही पण पोट बिघडतं, टेन्शन घेऊ नका. खताचं दुकान, पेरणीचे दिवस, सगळा माल उधारीवर गेलेला. टेन्शन घ्यायचं नाही तर काय घ्यायचं? शेवटी वैद्यांकडे गेलो. ग्रहणी म्हणाले, म्हणजे पचन बिघडून होणारे जुनाट जुलाब, ताक आणि पर्पटी हे आयुर्वेदिक औषध सुरू केलं. पंधरा दिवस बरं वाटलं, मग येरे माझ्या मागल्या. सोनोग्राफी चार वेळा झाली, चारही वेळा ‘गॅसमुळे नीट दिसत नाही’.

आमच्या संडासाचं दार पत्र्याचं आहे. रात्री अडीच-तीनला ते कर्रकन वाजलं की मी घड्याळ बघते. आता तर दार वाजायच्या आधीच मला जाग येते. एसटीत बसायचं त्यांनी सोडलंच. परवा मंठ्याला लग्न होतं, पंगतीत पान वाढून घेतलं आणि नुसते बसून राहिले.

दीर म्हणतात हैदराबाद गाठा. बहीण म्हणते पुण्याला ये. शेजारचे म्हणतात गॅस्ट्रो सर्जनला दाखवा. ‘पोटविकार तज्ज्ञ’ तर प्रत्येकाच्याच पाटीवर आहे. मला कुणाचं नाव नको, फक्त एवढं सांगा की कोणत्या प्रकारचा डॉक्टर बघायचा.

आणि एक. आठ दिवसांपासून मी गहू पूर्ण बंद केलाय, फक्त ज्वारीची भाकरी. थोडं बरं वाटतंय म्हणतात. असंच चालू ठेवू का?

निवृत्त_सिस्टर

ताई, आधी शेवटचं. आज रात्रीपासून पोळी परत सुरू करा. गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिएक आजार आहे का, हे बघायला टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते. माणूस गहू खात असेल तरच ती खरं बोलते. गहू बराच काळ बंद राहिला तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. आठ दिवसांत फार बिघडलं नसेल. आणि गहू सोडून बरं वाटलं म्हणजे सिलिएकच असंही नाही, गव्हानं पोट फुगायची दुसरीही कारणं असतात. आपल्याकडं ज्वारी खाणाऱ्या घरात हे पटकन कळत नाही, कारण अर्धं जेवण तसंही बिनगव्हाचं असतं.

मी घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, एकतीस वर्षं वॉर्डात काढली. झोपेतून उठवणारे जुलाब आणि एवढं घटलेलं वजन, याला तपासण्या न करता आयबीएस म्हणू नये. हिमोग्लोबिन किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, ते बघा.

पाटी वाचू नका, पदवी वाचा. एमडी मेडिसिन झाल्यावर आणखी तीन वर्षं शिकून डीएम गॅस्ट्रोएंटेरोलॉजी होतं, किंवा याच विषयातलं डीएनबी (आता डीआरएनबी म्हणतात). तो तुम्हाला हवा. एमएस होऊन पुढं एमसीएच केलेला तो गॅस्ट्रो सर्जन. कापायचं ठरलं की त्याच्याकडं जायचं. तुमचं अजून काय झालंय हेच ठरलं नाही.

दुसरं, कोलोनोस्कोपी कुणीच केलेली दिसत नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात एवढंच दिसतं. मोठं आतडं आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक खालून गेल्याशिवाय दिसत नाही. आणि आतून सगळं गुळगुळीत दिसलं तरी तुकडे घ्या म्हणावं. काही आजार डोळ्याला दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

लातूरचा_बाळू

सिस्टर बरोबर बोलायल्यात. माझं ऐका. मला उजव्या कुशीत खाली दुखायचं, ताप यायचा, वजन उतरायलं होतं. एकानं अपेंडिक्स म्हनलं. दुसऱ्या गावच्या एकानं कोलोनोस्कोपी केली. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं जखमा दिसल्या. लगेच क्रोन्स (आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार) म्हणून स्टेरॉईड लिहून मोकळे. पहिले पंधरा दिवस मी लई खूश. भूक काय, झोप काय! मग ताप जो चढला तो उतरंच ना.

निघाला आतड्याचा टीबी. हे दोन आजार दुर्बिणीतून अगदी भावाभावासारखे दिसतात, त्यात स्टेरॉईडनं टीबी भडकतो. नंतरच्या डॉक्टरनं परत तुकडे घेतले, सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधायची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. तरी ते म्हणाले, आतड्याच्या टीबीत हे बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, म्हणून टीबी नाही असं धरू नका. टीबीच्या गोळ्या चालू केल्या आणि अडीच महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी. जखमा भरलेल्या. मग सहा महिने पुरे केले, गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट.

म्हणून ताई, डॉक्टरला सरळ विचारा, ‘टीबी आणि क्रोन्स तुम्ही वेगळं कसं करणार?’ जो चिडंल त्याच्याकडं जाऊ नका.

गावाचं म्हणाल तर मी हैदराबादच्या चकरा मारल्या. तिथं सोयी मोठ्या, पण मी जिथं जायचो तिथं दर खेपेला नवा डॉक्टर, दर खेपेला पहिल्यापासून रामायण. तुमच्या आजाराला एकाच माणसानं तीन-चारदा बघणं लागतं. संभाजीनगरला डीएम झालेले आहेत, सेलूहून रेल्वे आहे. आधी तिथं. अडलंच तर बायॉप्सीच्या, म्हणजे त्या तुकड्यांच्या, काचा आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या आणि मग हैदराबादला जा.

मराठवाडी_माणूस

वावडिंग आणि ओवा समभाग, गरम पाण्यातून. आमच्या आज्याला आठ दिवसांत फरक पडला होता.

निवृत्त_सिस्टर

दादा, तेरा किलो वजन गेलंय. आज्याला नमस्कार सांगा.

औषधवाला_जालना

माझं मेडिकल आहे, त्यामुळं माझा प्रश्न गोळ्यांचा. मालकांना साखर आहे का? मेटफॉर्मिन चालू आहे का? त्यानं जुलाब होणारे माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात. मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल, दोन्हींनी बऱ्याच दिवसांत बी१२ जीवनसत्त्व कमी होतं, तेही बघून घ्या. गोळी स्वतःहून बंद करू नका आणि सगळं गोळीवर ढकलूही नका. दुखण्याच्या गोळ्या? शेतीवाले अंगदुखीला चिक्कार खातात आणि डॉक्टरला सांगत नाहीत.

अजून एक, विचारायला घाण वाटतं पण विचारतो. मळ तेलकट असतो का, भांड्याला चिकटतो का, पाणी टाकून जात नाही असं? तसं असेल तर स्वादुपिंडाकडं बघावं लागतं, कारण साखर आणि घटतं वजन त्यातूनही येतं. सोनोग्राफीत स्वादुपिंड गॅसच्या मागंच लपतं. डॉक्टर तोच, डीएमवाला, पण हे त्याला आपण होऊन सांगा.

सेलूकरीण

साखर आहे, तीन वर्षांपासून. मेटफॉर्मिन चालू आहे. आणि कंबर दुखते म्हणून शेजारच्या मेडिकलमधून गोळी घेतात, हे मला आज कळलं! विचारल्यावर म्हणाले, ती काय औषधात धरायची का?

तेलकट असतं. मी दोनदा पाणी टाकते तरी राहतं. एकोणीस महिन्यांत हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काल दुपारी सगळे कागद खाली मांडले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले होते. तारखेनं लावले तेव्हा दिसलं की पहिलं हिमोग्लोबिन १२.६ आणि आताचं ९.४. दोन लॅब, दोन फायली, दोन डॉक्टर. शेजारी शेजारी कुणी ठेवलेच नव्हते. आणि एंडोस्कोपीच्या कागदावर खाली बारीक लिहिलंय की तुकडा घेतला. त्याचा रिपोर्ट पिशवीत नाही! लॅबला फोन केला. ते म्हणाले, तयार होऊन पडलाय, कुणी न्यायलाच आलं नाही. मालक उद्या परभणीला जाऊन आणणार.

संभाजीनगरची गुरुवारची वेळ मिळाली, डीएमच आहेत, पदवी विचारून घेतली. एका पानावर सगळं लिहिलंय: कधीपासून, वजन, रात्रीचं, गोळ्या (कंबरेचीसुद्धा). कोलोनोस्कोपी लगेच दुसऱ्या दिवशी करू म्हणतात. सिस्टर, ते पोट साफ करायचं औषध आदल्या रात्री सेलूला घेऊन सकाळच्या गाडीनं निघालं तर चालेल का?

निवृत्त_सिस्टर

अजिबात नको. गुरुवारी दाखवून परत येऊ नका, तिथंच लॉज घ्या, संडास खोलीतच असलेला. रात्रीतून पंधरा-वीसदा जावं लागेल, रेल्वेत हाल होतील. शेवटी पाणी पिवळसर स्वच्छ यायला पाहिजे, नाहीतर परत बोलावतात. लोहाच्या गोळ्या कुणी चालू केल्या असतील तर फोन करून आजच सांगा, त्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. साखरेची गोळी त्या दिवशी घ्यायची का, तेही विचारून कागदावर लिहून घ्या. आणि परभणीचा रिपोर्ट गुरुवारच्या आत हातात पाहिजे. मालकांना दुकान सोडवत नसेल तर तुम्ही जा.