मदत हवी आहे: एचपी५ फिल्म १६००वर, चेहरे अंधारात जातायत
मुंबईत फोर्ट, बॅलार्ड इस्टेटला रात्री बसथांब्यांवर एकटीच उभी असलेली माणसं कृष्णधवल फिल्मवर टिपतोय. इलफर्ड एचपी५ प्लस, मूळ ४०० आयएसओ (फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता) ऐवजी १६००वर. घरीच डी-७६ या डेव्हलपर द्रावणात, पातळ न करता डेव्हलप करतो. दिवे पांढरेफटक येतात, चेहरे काळे पडतात. आणि चेहराच दिसला नाही तर त्या एकटेपणाचं उरतं काय?

डेव्हलप करताना टाकी कमी हलवून पाहिलं; दिवे सावरले, चेहरे तसेच. ८००वर शटर १/१५ सेकंदापर्यंत उतरतं, माणूस हलतो. लेन्स ५० मिमी, एफ/२. फ्लॅश नकोच, लोक लगेच सावध होतात. नळाचं पाणी कोमट असतं, ते बर्फाने २० अंशांवर आणतो.

मायक्रोफेन हा दुसरा डेव्हलपर वापरलेल्यांनी सांगा: १६००ला सावलीतला तपशील डी-७६पेक्षा खरंच जास्त मिळतो का, की ८००वरच थांबावं?