जिप्सीत डिस्ट्रिब्युटर काढून कॉइल पॅक: ३५०० नंतर टायमिंग सरकतंय

कार्ब्युरेटरवाली १३०० सीसी जिप्सी. क्रँक पुलीवर ३६ वजा १ दात्यांचं चाक (३६ पैकी एक दाता गाळलेला), ते दाते वाचणारा व्हीआर (चुंबकीय) सेन्सर, वेस्टेड स्पार्क कॉइल पॅक (दोन सिलिंडरना एकदमच ठिणगी), सिलिंडरच्या जोड्या १-४ आणि २-३. हाफ सेल्फमध्ये स्टार्ट, आयडल झकास. ३५०० आरपीएमनंतर मात्र मिसिंग. ईसीयूत (इग्निशनचा कॉम्प्युटर) अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, २० अंशांवर फिक्स केला, तरी टायमिंग लाइटखाली पुलीवरची पांढरी खूण हळूहळू सरकते. म्हणून कॉइलवर माझा संशय नाही.

सेन्सर गॅप ०.८ मिमी, प्लग रेझिस्टरवालेच, सेन्सर वायरच्या शिल्डचं अर्थिंग फक्त ईसीयूकडे, कॉइलला रिलेतून थेट फीड (चालू गाडीत १३.८ व्होल्ट).

इंदूरात स्कोपवाला (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) ऑटो इलेक्ट्रिशियन सापडत नाही, फक्त मल्टिमीटर आहे. व्हीआरच्या दोन तारा उलट लागल्यात की नॉइज येतोय, हे स्कोपशिवाय कसं ओळखायचं? आणि तारा बदलल्या तर बेस टायमिंग पुन्हा जुळवावं लागेल का?