मदत हवी आहे: ग्रीन बीन कॅसरोलला पाणी सुटतंय, गुरुवारी न्यायचंय

केतकी_एनजे
थँक्सगिव्हिंगला (इथला नोव्हेंबरातला गुरुवारचा सण) व्याह्यांकडे जायचंय. त्यांच्या टेबलावर ग्रीन बीन कॅसरोल, म्हणजे मशरूमच्या सॉसमध्ये ओव्हनला भाजलेली फरसबी, दरवर्षी असतंच, आणि यंदा विहीणबाईंनी ते मला आणायला सांगितलंय. काल करून पाहिलं. तळाशी पाणी, वरचा तळलेला कांदा मऊ गोळा. कृती मशरूम सूपच्या डब्यावरचीच आहे. काय चुकतंय? लवकर सांगा, बुधवारी रात्री करून ठेवायचं आहे.

रानजाई
फरसबी ताजी, फ्रोझन की डब्यातली? किती? भांडं केवढं? ओव्हनमध्ये वरून काही झाकलं होतं का?

केतकी_एनजे
फ्रोझन, दोन पिशव्या. भांडं काचेचं, नेहमीचं. कांदा जळू नये म्हणून फॉइल लावली होती.

रानजाई
फ्रोझन फरसबी पिशवीतून थेट घातली की तिच्यातला बर्फ सॉसमध्ये वितळतो. आधी पूर्ण वितळू द्या, मग पंचात बांधून पिळा. फॉइलखाली वाफ कोंडते आणि थेंब परत कांद्यावरच पडतात. फॉइल नकोच. ३५० फॅरनहाइटला २५ मिनिटं उघडं ठेवा, एकदा ढवळा, मग कांदा पसरून शेवटची ५ मिनिटं. तेवढ्यात जळत नाही. दूध किती घातलं?

पाटावरवंटा
डब्यातलं सूप सोडा. ताजी फरसबी दीड पौंड, मिठाच्या उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग टॉवेलवर कोरडी. ८ औंस मशरूम मोठ्या आचेवर परता. आधी पाणी सुटेल, ते आटून कढईत चरचर ऐकू येईपर्यंत थांबा. इथे घाई केली की तेच पाणी पुढे कॅसरोलमध्ये उतरतं. ३ टेबलस्पून लोणी, तेवढाच मैदा, दीड कप फुल फॅट दूध. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ टिकली की सॉस झाला.

रानजाई
चव छान येईल, पण ती विहीणबाईंच्या ओळखीची नसेल. हा पदार्थ जन्मला तोच डब्याच्या सूपवर. १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डनला कॅम्पबेल या सूपच्या कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तो बसवला, घरात हमखास असणारं सामान धरून. दुसऱ्याच्या घरचा ठरलेला पदार्थ नेताना आपली सुधारणा बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुगंधा_टेक्सास
मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्या, सगळे बोटं चाटत राहतील.

पाटावरवंटा
सुगंधाताई, ती फरसबीची भाजी झाली. कॅसरोलमध्ये मिरी आणि चमचाभर सोया सॉस, बस.

निखिल_७७
रताळ्याचं कॅसरोल न्या की, त्याला पाणी सुटायचा प्रश्नच नाही. रताळी उकडू नका, सालासकट भाजा आणि मग कुस्करा. फक्त वरचे मार्शमेलो जिलेटिनचे असतात, शाकाहारी असाल तर पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि ब्राउन शुगर लावा.

केतकी_एनजे
रताळं त्यांची मुलगी करणार आहे. फरसबीच हवी. दूध रिकाम्या सूपच्या डब्याने मोजून एक डबा घातलं. आणि हो, एक राहिलं, व्याह्यांच्या भावाला सीलिएक आहे, म्हणजे ग्लूटेन न चालण्याचा आजार, गहू अजिबात चालत नाही. माणसं बारा.

रानजाई
अहो, हे आधी सांगायचं ना! पहिलं दुधाचं. डबाभर दूध हे सूप प्यायला करताना. तो डबा सव्वा कपाच्या आसपास भरतो, कॅसरोलला अर्धा कप लागतं. तळाशी पाणी मुख्यतः त्याचंच.
पण सीलिएक असेल तर माझी डब्याची कृती बादच. नेहमीच्या मशरूम सूपमध्ये गव्हाचं पीठ असतं, डब्यातल्या तळलेल्या कांद्यावर गव्हाचं पीठ असतं, साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो. पाटावरवंटा, तुमच्या सॉसमधला मैदा काढून सांगा.

पाटावरवंटा
बारा जणांसाठी सगळं दुप्पट, ९ बाय १३ चं भांडं. फरसबी ३ पौंड, मशरूम १ पौंड, दूध ३ कप. मैद्याऐवजी कॉर्नस्टार्च ५ टेबलस्पून, त्यातल्याच अर्ध्या कप गार दुधात कालवून. गरम दुधात कोरडं टाकलं तर गुठळ्या. उकळी आल्यावर एक मिनिट, मग गॅस बंद. जास्त उकळून घोटलं तर सॉस पुन्हा सैल पडतो. सोयाऐवजी ग्लूटेन फ्री लिहिलेली टामारी, ती सोया सॉससारखीच असते.

सुगंधा_टेक्सास
कांद्यासाठी इंडियन स्टोअरमधला बिरिस्ता घ्या.

पाटावरवंटा
पाकीट वाचल्याशिवाय नको, काहींत गव्हाचं पीठ असतं. घरीच करा. तीन मोठे कांदे कागदासारखे पातळ चिरा, मीठ लावून १० मिनिटांनी घट्ट पिळा, ५ टेबलस्पून कॉर्नस्टार्चमध्ये घोळा, मध्यम आचेवर तळा. फिकट सोनेरी दिसताच काढा, बाहेर आल्यावरही रंग चढतो. तेल नवं हवं. पुऱ्या तळलेलं तेल घेतलंत तर एवढा खटाटोप फुकट.

केतकी_एनजे
म्हणजे बुधवारी रात्री सगळं रचून फ्रीजमध्ये?

पाटावरवंटा
नको. कॉर्नस्टार्चचा सॉस रात्रभर ठेवला की पाणी सोडू शकतो, तुम्ही पुन्हा तिथेच याल. बुधवारी फरसबी उकळून कोरडी करा, मशरूम परता, कांदा तळा. गुरुवारी सकाळी सॉस करून सगळं एकत्र करा, दहा मिनिटांचं काम. घरून बेक करून न्या, कांदा वेगळ्या डब्यात, तिथे गरम करताना वर घाला. वाढायचा चमचा त्याच भांड्यात ठेवा, ब्रेडच्या स्टफिंगचा चमचा त्यात जाता कामा नये.

रानजाई
दुप्पट मापाला २५ मिनिटं पुरणार नाहीत. ४० धरा, मध्यभागी बुडबुडे दिसले पाहिजेत. आणि काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सारू नका, तडकतं.

निखिल_७७
रताळ्याला पेकान किती लागतील ते हवं असेल तर सांगा.