ठरलेल्या श्रेणीबाहेरचा पगार: द्यावा की नाही?

वणीचा मुनीम:
वणी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हिशेब पाहतो. आमच्याकडे फिटरचा पगार १८ ते २४ हजार असा ठरलेला आहे. यंदा हंगामाच्या तोंडावर एका फिटरने ३२ मागितले. गुजरातमधून त्याला तेवढ्याचं बोलावणं होतं. मालकांनी दिले, आणि माझ्या मते बरोबर केलं. डबल रोलर मशीनवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या रेच्यावर, पात्याचा दाब जास्त बसला की रोलर तापतो, सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, येतात. दिवाळीनंतर आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात, तिथे तापलेला रोलर म्हणजे आगीला आमंत्रण. नुसत्या आवाजावरून रेचा कुठे बिघडलाय हे सांगणारा माणूस ८ हजारांसाठी घालवायचा का?

राळेगावची लेक:
मुनीमजी, माझे बाबा १४ वर्षं फिटर आहेत. पगार साडेतेवीस. त्यांच्या जीनमध्ये नव्या माणसाला ३० दिल्याचं त्यांना चहाच्या टपरीवर कळलं. ते मालकाशी भांडले नाहीत. हाताखालच्या पोरांना शिकवणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. तुमच्या हिशेबात हा खर्च कुठल्या खात्यावर मांडता? बाबांनी कधी 'मी जातो' म्हटलं नाही, म्हणूनच ते मागे राहिले ना?

आरमोरीचे गुरुजी:
श्रेणीबाहेर देण्यात चूक नाही, गुपचूप देण्यात आहे. आमच्या गडचिरोलीत ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणी मिळते. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करेपर्यंत मूळ पदाच्या वरची श्रेणी, बदली होऊन बाहेर गेलं की परत मूळ श्रेणी. बाहेरच्या शिक्षकापेक्षा मला जास्त का मिळतात, हे त्याला आधीपासून माहीत असतं. कारण कागदावर आहे.

पुसदचा भाऊ:
सारे फिटरचंच बोलून रायले. रेच्यावर कापूस टाकनाऱ्या बायाईचं काय? दिवसभर धूळ नाकातोंडात जाते. सारख्या कामाले बाई-मानसाले सारखी मजुरी, हा नियम १९७६ पासून कायद्यात हाय. तरी आमच्या गावात मानसाच्या हातावर जास्त पैसे पडते. श्रेणी मोडाचीच असन तं पयले तिथं मोडा, भाऊ.

वणीचा मुनीम:
भाऊ, तुमचं खरं आहे, आमच्याकडेही तो फरक आहे. ते मी मालकांकडे वेगळं मांडतो, इथे फिटरच्या वादात बुडायला नको.
ताई, बाबांचं वाचून मला वाईट वाटलं. गुरुजींचा मार्ग पटतो. ८ हजार पगारात न मिसळता हंगामापुरता वेगळा भत्ता लिहायचा, आणि पात्याची मांडणी, म्हणजे त्याचा दाब बरोबर बसवणं, ज्याला स्वतः करता येते अशा प्रत्येक फिटरला द्यायचा, नवा असो की जुना. पण सगळ्यांची श्रेणीच ३२ वर न्या म्हणाल तर मी विरोधच करीन. रुईचा भाव पडला की गठाणी आवारात पडून राहतात, आणि एकदा वाढवलेला पगार काही खाली आणता येत नाही.

राळेगावची लेक:
भत्ता चालेल. पण मांडणी कोणाला येते हे ठरवणार कोण? मालकाच्या केबिनमध्ये ठरलं तर पुन्हा तेच होईल. चालू मशीनवर पाहा, आणि पाहणाऱ्यांत एक जुना फिटर असू द्या.