मदत हवी: रुबिडियम दिवसा पळतंय, रात्री ताळ्यावर

शिरोली_१०मेगा: रुबिडियम स्टँडर्ड (अणुघड्याळ) सकाळी नऊनंतर पळायला लागतं, संध्याकाळी आपोआप ताळ्यावर. तासाला १०८ नॅनोसेकंद पुढे. एसी चालू, सप्लाय बदलून झाला. शुक्रवारी ऑडिट आहे. म्यू-मेटल (चुंबकीय फील्ड अडवणारा पत्रा) कुठं मिळेल तेवढं सांगा.

फेजकाटा: पुढे, पण कशाच्या तुलनेत? बेसप्लेटचं तापमान किती हलतं? शेजारी काय आहे?

शिरोली_१०मेगा: जीपीएसडीओच्या (जीपीएसवर जुळवलेल्या ऑसिलेटरच्या) तुलनेत. रात्रभर रेषा सपाट. बेसप्लेट अर्ध्या अंशात. शेजारी फौंड्री, शिरोली एमआयडीसीत दुसरं काय असणार?

विकून_टाका: जीपीएसडीओ आहेच, तर रुबिडियम हवंय कशाला?

फेजकाटा: अँटेना बंद पडली की कळेल कशाला ते.

साचा_आणि_भट्टी: इंडक्शन फर्नेस असणार. तीच चोर.

फेजकाटा: फर्नेसला उगाच बोल लावू नका. तिचं चुंबकीय फील्ड एसी, म्हणजे सतत उलटसुलट होणारं, सरासरी शून्य. उरतो फक्त फील्डच्या वर्गाचा किरकोळ भाग, शिवाय एवढ्या फ्रिक्वेन्सीला धातूचं खोकंच बरंच अडवतं. घड्याळाला डीसी, म्हणजे एकाच दिशेचं फील्ड नडतं. रुबिडियम-८७ च्या ०-० रेषेचं (घड्याळ जिच्यावर चालतं तिचं) सरकणं ५७५ हर्ट्झ गुणिले गॉसचा वर्ग. आतलं सी-फील्ड (घड्याळाचं स्वतःचं चुंबकीय फील्ड) ०.१ गॉस धरलं, तर आत १ मिलिगॉस वाढला की १० मेगाहर्ट्झच्या आउटपुटवर ०.१७ मिलिहर्ट्झ. तुमचे १०८ नॅनोसेकंद म्हणजे ०.३ मिलिहर्ट्झ, म्हणजे शील्डच्या आत जेमतेम २ मिलिगॉस. भिंतीपलीकडे स्क्रॅप उचलायचा मॅग्नेट आहे का?

शिरोली_१०मेगा: आहे की. क्रेनला. भिंतीपासून चार-पाच मीटर.

साचा_आणि_भट्टी: हे आधी सांगायचं असतं राव!

पाणाड्या: प्रोटॉन मॅग्नेटोमीटरनं मोजा. आम्ही बोअरच्या सर्व्हेला तेच नेतो.

फेजकाटा: मॅग्नेटजवळ ग्रेडियंट (जागोजागी फील्ड बदलणं) इतका, की प्रोटॉनचा सिग्नल ऐकू यायच्या आत विरतो. सीझियम मॅग्नेटोमीटरचंही तेच, रेषा फाकते. इथं तीन अक्षांचा फ्लक्सगेट (फील्ड मोजणारा सेन्सर) लावा, शंभर मायक्रोटेस्लाच्या (१ गॉसच्या) वरची रेंज असलेला. पृथ्वीचेच इथं चाळीसेक असतात.

जुनी_वही: ट्राम विजेवर जाणार म्हणून मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची चुंबकीय नोंद १९०४ साली अलिबागला हलवावी लागली होती. तुमच्यापुढे तर अख्खी एमआयडीसी.

फेजकाटा: मुद्द्यावर या. मॅग्नेट चालू असताना खोकं १८० अंश फिरवा, तासभर नोंद घ्या. पुढेचं मागे झालं, तर फील्डच. तापमान दिशा बघत नाही. न फिरलं, तर फील्ड आडवं असू शकतं. ९० अंशांवर पुन्हा बघा.

शिरोली_१०मेगा: फिरवलं. आता तासाला ९० मागे. म्हणजे म्यू-मेटलच ना?

फेजकाटा: आधी अंतर. अंतर दुप्पट केलं की फील्ड आठवा हिस्सा. समोरच्या भिंतीला न्या, पैसे लागत नाहीत. म्यू-मेटलचा पत्रा आणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाकवून घेतलात, तर वाकवल्या-भोसकल्या जागी त्याचा गुण जातो. हायड्रोजनमध्ये ११०० अंशांच्या आसपास परत तापवावा लागतो. आणि सी-फील्डचा स्क्रू फिरवून दिवसाचं जुळवू नका, रात्री तेवढंच उलट जाईल.

विकून_टाका: किंवा विका.

शिरोली_१०मेगा: समोरच्या भिंतीला लिफ्टची मोटर आहे. चालेल?