लेक विचारते, "बाबा, तू फिफ्टीजमध्ये आहेस ना?" काय सांगू? (मेलबर्न, सप्टेंबर २०२०)

दक्षिणवारा:

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला असतो, मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. माझं वय ५३. लग्न उशिरा झालं, मग मूल व्हायला अजून काही वर्षं गेली, त्यामुळे लेकीच्या वर्गातले बाकीचे बाबा माझ्यापेक्षा बरेच तरुण आहेत, पण एरवी त्याचं कधी काही वाटलं नाही.

२ ऑगस्टपासून इथे कोरोनामुळे स्टेज फोर, म्हणजे सगळ्यांत कडक लॉकडाऊन, चालू आहे. रात्री ८ ते पहाटे ५ कर्फ्यू, घरापासून ५ किलोमीटरच्या आतच राहायचं, व्यायामाला दिवसातून एक तास, पोरांची प्लेग्राउंडं बंद. बायको हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिला रोज जावंच लागतं. मी घरून काम करतो आणि घरात एक पालक आहे म्हटल्यावर लेकीला शाळेत ठेवायचा प्रश्नच येत नाही, म्हणजे सकाळी तिचा झूमवरचा वर्ग, मधे माझ्या मीटिंगा, मग तिचे मॅजिक वर्ड्स (वाचनाचे नेहमीचे इंग्रजी शब्द), मग पुन्हा माझं काम, दुपारी तो एक तास सायकल. ती पुढे, मी मास्क लावून मागे धावत. मला बीपी आहे, दम लागतो पण त्या तासाची ती सकाळपासून वाट बघत असते त्यामुळे तो चुकवत नाही. संध्याकाळी बायको गॅरेजमधूनच आत येते, कपडे थेट मशीनमध्ये, आंघोळ, आणि तोपर्यंत लेक लॉन्ड्रीच्या दाराबाहेर बसून दाराच्या फटीतून दिवसभराचं सगळं सांगत असते.

तर मुद्दा असा. अकराच्या सुमारास प्रीमियरची, म्हणजे इथल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांची, पत्रकार परिषद असते, ती मी कामाच्या बाजूला लावून ठेवतो, कारण नियम बदलले तर कळायला हवं. त्यात रोज किती गेले ते वयोगटानुसार वाचून दाखवतात, सत्तरीतला एक पुरुष, ऐंशीतल्या दोन बायका, असं. परवा त्यात पन्नाशीतला एक पुरुष होता. लेक शेजारी रंगवत बसली होती, तिने मान वर केली आणि विचारलं, "बाबा, तू फिफ्टीजमध्ये आहेस ना?" मी हो म्हटलं. ती पुन्हा रंगवायला लागली. रात्री झोपताना मात्र म्हणाली, "मग तू बाहेर येऊ नकोस, मी एकटी सायकल चालवीन."

तेव्हापासून रोज काही ना काही काढते. मला खोकला आला की माझ्याकडे बघत बसते. तिला खोटं सांगायचं नाहीये आणि घाबरवायचंही नाहीये. त्यात माझे स्वतःचे वडील ८२ वर्षांचे, सांगलीला, तिकडेही आकडे वाढतायत, आणि आम्हा इथल्या लोकांना मार्चपासून परवानगीशिवाय देश सोडता येत नाही, गेलो तरी परतताना १४ दिवस हॉटेल क्वारंटाइन आणि मेलबर्नला सध्या बाहेरच्या देशातली पॅसेंजर विमानं घेतच नाहीत. म्हणजे मी इथे मुलीला धीर देतो आणि रात्री फोनवर वडील मला धीर देतात. कोणी उशिरा आई-बाबा झालेलं असेल तर सांगा, तुम्ही पोरांशी हे कसं बोललात?

थेम्सकाठी:

मी लंडनला, वय ५५, मुलगा सात वर्षांचा, त्यामुळे तुमचं अक्षर न् अक्षर कळलं. आमच्याकडे मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला तेव्हा मुलाने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता. आम्ही ठरवून खरं सांगितलं. हो, माझं वय जास्त आहे, वय जास्त असलं की हा आजार जास्त जड जाऊ शकतो, पण माझ्या वयाचे बहुतेक जण बरे होतात, आणि म्हणूनच मी मास्क लावतो, हात धुतो, गर्दीत जात नाही. एवढंच. "मला काही होणार नाही" असं वचन मात्र दिलं नाही, कारण पोरं वचन लक्षात ठेवतात आणि मग साधी सर्दी झाली तरी तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

अजून एक, त्याला काहीतरी काम दिलं. आमच्या रस्त्यावर तेव्हा खिडक्यांत इंद्रधनुष्यं लावत होते, तो रोज एक नवीन काढायचा आणि गुरुवारी रात्री ८ वाजता आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी दारात हजर. तुमची लेक तर स्वतःहून तुम्हाला सांभाळायला निघालीये, तिला बाबाच्या बीपीच्या गोळीची आठवण करायचं काम द्या. घाबरून बसण्यापेक्षा तिच्या हातात काहीतरी असेल. सायकलवर मात्र तुम्ही जायचंच, ती नको म्हणाली तरी.

मोगरा_आणि_मीठ:

थोडं वेगळं मत मांडते. खरं सांगा हे ठीक, पण सहा वर्षांच्या मुलीसमोर रोज मेलेल्यांची यादी चालू ठेवायची गरज नाही. मी पण मेलबर्नलाच आहे, तीच परिषद आमच्याकडे हेडफोन लावून ऐकतो किंवा दुपारी बदललेले नियम वाचून घेतो, काही अडत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला दिवसाला ७०० च्या वर केसेस होत्या, आता शंभराच्या आत आल्यात, हेही तिला सांगा की! आकडे कमी होतात हे पोरांना पटकन कळतं, आणि ते खरंही आहे. इथल्या फादर्स डेच्या दिवशी (६ सप्टेंबर) जाहीर झालेल्या, निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवायच्या रोडमॅपप्रमाणे १४ सप्टेंबरपासून प्लेग्राउंडं उघडतायत, एका तासाचे दोन तास होतायत, आणि चौथ्या टर्ममध्ये (वर्षाच्या शेवटच्या सत्रात) प्रेपवाल्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या, छोट्यांना आधी शाळेत घेणार आहेत. कॅलेंडर काढा आणि तिलाच खुणा करू द्या.

आता तुम्ही विचारलं नाहीये तरी विचारते. तुम्ही दोघं एकदम आजारी पडलात तर लेक कुठे जाणार? तिची आई लॅबमध्ये काम करते, इथे जवळचं नातेवाईक कोणी नसणार. हे ठरलेलं नसेल तर ती भीती तुमच्याच पोटात बसणार आणि पोरीला ती कळणार, तुम्ही कितीही हसून बोललात तरी.

आजोबा_न्यूजर्सी:

मी ७४ वर्षांचा, फेब्रुवारीत मुलाकडे आलो आणि इथेच अडकलो, व्हिसाची मुदत वाढवायला अर्ज केलाय. नातू पाच वर्षांचा. तोही मला विचारतो. मी त्याला सांगतो की म्हातारा आहे म्हणून जपून राहतो, आणि मग आम्ही पत्ते खेळतो. मुलांना लांबलचक उत्तर लागत नाही हो, उत्तर दिल्यावर तुम्ही उठून गेलात का तिथेच बसलात एवढं त्यांना कळतं. आणि वडिलांचं म्हणाल तर माझा धाकटा पुण्याला आहे, त्याचा रोज फोन येतो, मी त्याला धीर देतो ते मला स्वतःलाच बरं वाटतं म्हणून. तुमच्या वडिलांना देऊ द्या धीर.

दक्षिणवारा:

सगळ्यांचे आभार, आणि आजोबा, तुमचं शेवटचं वाक्य बायकोलाही वाचून दाखवलं.

तुमची उत्तरं वाचली त्या रात्री झोपताना लेकीशी बोललो, साधारण थेम्सकाठींनी सांगितलं तसंच. तिने विचारलं, "मग आजोबांना जास्त जड जाईल का?" मी म्हटलं हो, म्हणून ते सध्या घराबाहेर पडत नाहीत. मग म्हणाली त्यांना पण गोळीची आठवण करू या. तर आता तिची सायकल झाली की सांगलीला व्हिडिओ कॉल, तिकडे सकाळची वेळ असते, ती दोघांच्याही गोळ्या स्क्रीनसमोर धरायला लावते. माझे बाबा एरवी गोळ्या घ्यायला कुरकुर करायचे, आता नातीसाठी डबी हातात घेऊन बसलेले असतात. परिषद हेडफोनवर गेली.

मोगरा, तुम्ही विचारलंत ते आम्ही दोघंही टाळत होतो. इथेच पाच मिनिटांवर एक मराठी कुटुंब आहे, त्यांची मुलगी हिच्याच वर्गात, त्यांना आज फोन करतोय.

मोगरा_आणि_मीठ:

करा, पण एक गोष्ट आधीच स्पष्ट बोला. तुम्ही पॉझिटिव्ह आलात तर लेक क्लोज कॉन्टॅक्ट धरली जाईल, तिला १४ दिवस बाहेर पडता येणार नाही आणि ती ज्यांच्याकडे राहील त्यांनाही कदाचित घरात बसावं लागेल. त्यांच्या नोकऱ्यांना ते जमतंय का विचारा, नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरं घर बघा. आणि एक कागद करून ठेवा, मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) नंबर, जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) फोन, अॅलर्जी, ती काय खाते काय खात नाही, झोपताना काय लागतं, शाळेच्या अॅपचा पासवर्ड. घराची एक किल्ली त्यांच्याकडे आत्ताच देऊन ठेवा.